मातीचा बेंट्स फोर्ट : एका शाळकरी प्रकल्पाच्या नोंदी

३ मार्च, अरोरा (कोलोरॅडो)

नातवाची चौथी आहे. आपल्याकडे चौथीला शिवाजी महाराज, तसा इथं चौथीला कोलोरॅडो राज्याचा इतिहास. बाईंनी एक ऐतिहासिक जागा निवडून तिचं मॉडेल करायला सांगितलंय, सोबत माहितीची पाच कार्डं. ११ एप्रिलला द्यायचं. त्यानं ‘बेंट्स ओल्ड फोर्ट’ हे जुनं व्यापारी ठाणं घेतलं, कारण त्याला बुरूज आहेत. चित्र दाखवायला आला तेव्हा मी चहा पीत होतो. म्हटलं, अरे, ही तर गढी आहे!

मातीच्या भिंती, दोन कोपऱ्यांना गोल बुरूज, मधे चौक, भोवती एकाला एक लागून खोल्या आणि वर माळवद. मराठवाड्यात असल्या गढ्या पडझडीला आलेल्या पाहत मी वाढलो. नंतर बत्तीस वर्षं बांधकाम खात्यात काढली, तिथं मातीला कुणी विचारत नव्हतं. सूनबाईंनी थर्माकोल आणायची तयारी केली होती. तो बेत मी मोडला.

४ मार्च

आधी जागा कुठली ते नकाशावर पाहिलं. आर्कान्सा नदीच्या उत्तर काठावर, आजच्या ला हुंटा गावाजवळ. १८३३ च्या सुमारास बांधलं. तेव्हा ही नदीच सरहद्द होती, १८१९ च्या तहानं ठरलेली. अलीकडे अमेरिका, पलीकडे मेक्सिको. म्हणजे दुकान थाटलं ते देशाच्या अगदी उंबरठ्यावर. मिसुरीतल्या सेंट लुईसचा माल मेक्सिकोतल्या सांता फेच्या वाटेवर नेणारे गाडीतांडे इथं थांबत, बैल-खेचरं बदलत, चाकं दुरुस्त करत. आणि भोवती इथल्या मूळ रहिवाशांच्या जमाती : शायेन, अरापाहो, त्यांच्या दक्षिणेला कायोवा, कोमांची.

मालक तिघं : चार्ल्स बेंट, त्याचा धाकटा भाऊ विल्यम, आणि सेरान सेंट व्हरेन. चार्ल्स गाडीतांडे आणि बाहेरचे व्यवहार पाहायचा, सेंट व्हरेन तिकडे मेक्सिकोत ताओस-सांता फेकडची दुकानं, आणि विल्यम इथं मुक्कामी. आपल्याकडच्या पेढीसारखंच, एक भाऊ बाजारात आणि एक गल्ल्यावर.

७ मार्च

मापांनी डोकं उठवलं. जुन्या प्रवाशांनी आपापल्या डोळ्यांनी मोजलेलं, कुणाचं कुणाशी जुळत नाही. भिंतीची जाडी एकानं सहा-सात फूट लिहिलीय. एवढ्या जाडीची भिंत आणि आत जेमतेम खोल्या? मी असतो तर ते मोजमाप पुस्तक परत पाठवलं असतं.

शेवटी विश्वास ठेवला तो लेफ्टनंट जेम्स अॅबर्टवर. हा लष्कराच्या भूमापन शाखेतला अधिकारी. १८४६ मध्ये सैन्याबरोबर आला, आजारी पडला आणि इथंच मागे राहिला. अंथरुणातून उठल्यावर त्यानं गढीची मापं घेतली, आराखडा काढला, चित्रं रंगवली. तो पडला नसता तर आज गढीचा नेमका आकार सांगायला कुणी नसतं. पुढं १९७६ मध्ये हीच गढी जुन्या जागी पुन्हा उभी केली, ती त्याच्या कागदांवरून आणि उत्खननात सापडलेल्या पायांवरून.

प्रमाण ठरलं : एक मीटरला एक सेंटिमीटर. भिंत साधारण पंधरा फूट उंच, म्हणजे आपली साडेचार सेंमी. नातवाला वाटलं मॉडेल उंच होईल, तो हिरमुसला. म्हटलं, या सपाट गवताळ मुलखात पंधरा फूटसुद्धा कोसावरून दिसतात.

९ मार्च

अंगणातली माती खणली. वर दोन इंच बर्फाचा चिखल, खाली चिकट, करड्या रंगाची. मळली, फळीवर भिंत घातली, तळघरात हीटरशेजारी ठेवली. सकाळी पाहतो तर भेगाच भेगा. आपल्या काळ्या मातीची सख्खी बहीण निघाली. मुलगा म्हणाला, इथल्या मातीत बेंटोनाइट असतं, पाणी लागलं की फुगते, घरांचे पाये उचलते. नातू लगेच, “म्हणजे बेंटची माती!” तसं नाही. बेंटोनाइट हे नाव फोर्ट बेंटनवरून आलेलं. पण गंमत अशी की तो मोंटानातला फोर्ट बेंटनही कातड्यांच्या व्यापाराचाच.

उपाय जुनाच. होम डेपोतून वाळूचं पोतं आणलं, मातीला बरोबरीनं वाळू, आणि तूस नाही म्हणून सुतळी कातरून घातली.

१० मार्च

आज भेगा केसाएवढ्या. चालेल.

सुतळीवरून नातवाला एक गोष्ट सांगितली. बेंटनी भेंडं, म्हणजे मातीच्या कच्च्या विटा, पाडायला ताओसकडून मेक्सिकन गवंडी आणि मजूर आणले. त्या मातीत लोकर मिसळली होती, गाड्या भरभरून मागवली होती, ही आठवण बेंट कुटुंबाच्या ओळखीतून पुढं चालत आली. आपल्याकडं ताग-तूस-शेण, तिकडं लोकर, हाताशी जे असेल ते. विल्यम बेंट मिसुरीचा माणूस. त्याच्या मुलखात लाकडाचे ओंडके रचून कोट बांधायचे. इथं झाडं फक्त नदीकाठी, ती बांधकामाला पुरणार नाहीत आणि आग लागली तर सगळंच जायचं. मेक्सिकन माणसाचं मातीचं घर त्यानं पाहिलं होतं आणि ते उचललं. गढी बेंटच्या नावाची, पण हात ताओसचे. कार्ड नंबर एकवर हे वाक्य घालायला लावलं.

१५ मार्च

आज सगळे गढी पाहून आलो. पहाटे निघालो, तीन तास गाडी. प्युएब्लोनंतर रस्ता नदीच्या बाजूनं पूर्वेकडं जातो. डोंगर मागं पडतात आणि मग काही म्हणजे काहीच नाही, गवत, तारेची कुंपणं, मधेच कॉटनवुडची निष्पर्ण झाडं. गाडी लांब लावून थोडं चालत जायचं, ते बरं केलंय, कारण चालता चालता गढी हळूहळू मोठी होते.

दरवाज्यातच देवडी. नातवाला म्हटलं, हा शब्द लक्षात ठेव : देवडी. दोन दरवाज्यांमधली बोळासारखी जागा, पाहारेकऱ्याची आणि सौद्याचीही. दिवसा येणाऱ्या-जाणाऱ्यांना आत घेत, अंधार पडला की दरवाजा बंद. बुरुजांना जंग्या, म्हणजे बंदुका रोखायची भोकं, आहेत, पण गढीवर मोठा हल्ला असा कधी झाला नाही. बंदुका दाखवायच्या आणि माल विकायचा, असा एकूण मामला.

आत लोहाराचा भाता चालू होता. सुतारशाळा, कोठ्या, स्वयंपाकघर, जेवणाची खोली. वरच्या मजल्यावर एका खोलीत बिलियर्डचं टेबल, एवढ्या रानात! ते त्या काळीही होतं, गाड्यांवर घालून आणलेलं. मागच्या बाजूला जनावरांचा वाडा, त्याच्या भिंतीवर निवडुंग लावलेलं. आमच्याकडं कुंपणाला निवडुंग लावतात, हे भिंतीच्या माथ्यावर. चढणाऱ्यानं हात घातला की संपलं.

चौकात एक मोर फिरत होता. मी हसलो, सूनबाईंनी फोटो काढला. पूर्वी इथं मोर पाळलेले होते असं सांगतात म्हणून आताही ठेवलेत. आपला पक्षी इतक्या लांब, थंडीत पिसं फुगवून उभा.

वर एक खोली सुझन मॅगॉफिन नावाच्या मुलीची म्हणून दाखवतात. मुलगीच म्हणायची, एकोणीस पुरं करत होती. व्यापारी नवऱ्याबरोबर सांता फेला निघालेली, १८४६ च्या जुलै अखेरीस इथं थांबली आणि तिचा गर्भ गेला. ती डायरी लिहायची, तीत तिनं आणखी एक लिहून ठेवलंय : त्याच वेळी खालच्या खोलीत एक इंडियन, म्हणजे इथल्या मूळ जमातीतली, बाई बाळंत झाली, आणि अर्ध्या तासात बाळ घेऊन नदीवर अंघोळीला गेली. सूनबाई त्या खोलीत बराच वेळ उभ्या होत्या. परतीच्या वाटेवर कुणी फारसं बोललं नाही, नातू तर झोपलाच.

माझ्या कामाचं एक टिपून आणलं : पन्हाळी. माळवदाचं पाणी भिंतीबाहेर टाकायला लाकडी पन्हाळी काढल्यात. माझ्या मॉडेलात त्या नव्हत्या. पन्हाळीशिवाय माळवद म्हणजे पहिल्या पावसाला आमंत्रण.

१८ मार्च

चौकाच्या मधोमध एक विचित्र लाकडी यंत्र आहे, नातवाला ती फाशीची जागा वाटली. ते कातडी दाबायचं यंत्र. मला ते एका नजरेत कळलं, कारण लहानपणी गावच्या जिनिंग-प्रेसिंगच्या बाहेर उभं राहून रुईच्या गाठी बांधताना बघणं हा आमचा उद्योग होता. फुगीर माल दाबून घट्ट बांधायचा, म्हणजे गाडीत जास्त मावतो. इथं दहाएक कातड्यांची एक गाठ होई. आइस्क्रीमच्या काड्या आणि एक जुना स्क्रू वापरून ते यंत्र आज केलं. सगळ्या मॉडेलात हेच उत्तम जमलंय.

कातडी कसली? नातू म्हणाला बफेलोची, म्हणजे म्हशीची. नाही बाबा. हा बायसन, आपल्या गव्याच्या जातकुळीतला, मानेवर दाट केसांचं ओझं असलेला. आणि व्यापार होता केसांसकट कमावलेल्या कातड्याचा, म्हणजे अंगावर घ्यायच्या, गाडीत पांघरायच्या घोंगडीसारख्या वस्तूचा. आधी बीव्हर या पाणथळीतल्या केसाळ प्राण्याच्या कातड्याला भाव होता, युरोपातल्या टोप्यांसाठी. मग टोप्या रेशमाच्या व्हायला लागल्या, बीव्हरही संपत आले, आणि बेंटनी वेळेवर कूस बदलली.

कमावायचं काम बायकांचं. पुरुषानं घोड्यावरून शिकार करायची, ती तासाभराची. पुढं कातडं ताणून खुंट्या मारायच्या, आतली चरबी-मांस खरवडायचं, जनावराचाच मेंदू चोळायचा, परत परत मऊ करायचं, हे सगळं बाईच्या अंगावर. एका कातड्याला कित्येक दिवस. हिवाळ्यातलंच कातडं चांगलं, कारण केस तेव्हा दाट. म्हणजे मागणी वाढली की शायेन घरात कामाला हात जास्त लागणार, आणि ते हात बायकांचे. गढीची भरभराट मोजायची तर गाठी मोजतात, खरवडणाऱ्या मनगटांचा हिशेब कुणी ठेवला नाही.

बदल्यात काय? घोंगड्या, सुऱ्या, किटल्या, काचेचे मणी, बंदुका-दारूगोळा, तंबाखू, साखर, कॉफी. आणि हिंगूळ. चेहऱ्याला लावायला लाल भडक हिंगूळ हवा असे, आणि तो यायचा चीनहून, कागदी पुड्यांत. कँटनची पुडी, बोस्टन किंवा न्यू यॉर्कचं जहाज, सेंट लुईसची कोठी, गाडीतांडा, गढीची देवडी, आणि शेवटी शायेन योद्ध्याचं कपाळ. हे कार्ड नंबर दोन. नातवानं स्वतःहून त्यावर सूनबाईंच्या कुंकवाचं बोट उमटवलं. हिंगूळ आणि कुंकू एक नव्हे, पण मी काही बोललो नाही.

१९ मार्च

निवडुंगाला ब्रशचे तुटके केस लावले. माळवदाला दालचिनीच्या काड्या सर म्हणून टाकल्या. तळघरात वास छान सुटलाय.

२३ मार्च

आज माणसं. मातीच्या बाहुल्या नातवाच्या, नावं माझी.

विल्यम बेंट आणि त्याची बायको आउल वुमन, शायेन भाषेत मिस्टान्टा. तिचे वडील व्हाइट थंडर हे शायेनांच्या पवित्र बाणांचे रक्षक. १८३५ च्या सुमाराचं लग्न. आपल्याकडच्या वाचकाला हे सोयरीक म्हणून लगेच कळेल. घराणं मोठं, व्यापारी नवा, सोयरीक झाली की दोघांचंही भलं. पण नुसता हिशेब म्हणावा तर विल्यम आयुष्यभर शायेनांचाच होऊन राहिला, मुलांनाही त्यांच्यात वाढवलं. १८४० मध्ये शायेन-अरापाहो आणि कायोवा-कोमांची यांच्यात तह झाला तो या गढीच्या जवळच नदीकाठी. भेटी म्हणून शेकड्यांनी घोडे दिले गेले. सरकारनं केलेला तह नव्हता हा, त्यांनी आपापसात केलेला.

एक बाहुली स्वयंपाकघराच्या दारात : शार्लट ग्रीन. गढीवरची नावाजलेली आचारीण. प्रवासी तिच्या हातच्या जेवणाची आणि तिच्या नाचाची आठवण लिहून गेलेत. ती आणि तिचा नवरा डिक, दोघंही बेंटांचे गुलाम. १८४७ च्या ताओसच्या लढाईतल्या शौर्याबद्दल डिकला स्वातंत्र्य मिळालं. नातवानं विचारलं, “मग आधी का नाही दिलं?” कार्ड नंबर तीन त्याच्या या प्रश्नानंच सुरू होतं.

२९ मार्च

घरात वाद. फलकावर मराठीतूनही एक शब्द लिहायचा असं ठरलंय, कारण वर्गातली मुलं आपापल्या घरच्या भाषेत नाव लिहिणार आहेत. मुलगा म्हणतो सरळ ‘किल्ला’ लिहा. मी म्हणतो किल्ला नव्हे, ना राजा ना शिबंदी. बांधणीनं गढी, पण गढीतला पाटील गावचा असतो, सारा वसूल करतो. धंद्यानं पाहिलं तर ही वखार. सुरतेला, राजापूरला इंग्रजांची होती तशी.

आणि वखार म्हटलं की मला राजापूर आठवतं. तिथल्या इंग्रजांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला मदत केली, आम्ही तर फक्त व्यापारी म्हणत तोफा डागल्या, आणि १६६१ मध्ये महाराजांनी ती वखार लुटून त्यांना कैद केलं. बेंटांचं काय झालं पाहा. १८४६ मध्ये अमेरिका-मेक्सिको युद्ध पेटलं. जनरल कर्नीचं सैन्य, सतराशेच्या आसपास माणसं, मेक्सिकोवर चालून जाताना याच गढीवर थांबलं. कोठ्या लष्कराच्या सामानानं भरल्या, आजूबाजूचं गवत घोड्यांनी फस्त केलं, अंगणात आजारी शिपाई. गिऱ्हाइकाला उभं राहायला जागा नाही. सांता फे हाती आल्यावर कर्नीनं न्यू मेक्सिकोचा गव्हर्नर नेमला तो कोण? चार्ल्स बेंट. इतकी वर्षं ज्या लोकांना माल विकला, त्यांच्यावर राज्य करायला बसला. १९ जानेवारी १८४७ ला ताओसमध्ये उठाव झाला आणि त्याला त्याच्याच घरात मारलं, बायकामुलांसमोर.

नातू म्हणाला, “आबा, पण विल्यम चांगला होता ना?” होता. म्हणूनच हा शब्द ठरवताना जड जातंय.

शेवटी ‘वखार’ लिहिलं. खडूनं, म्हणजे पुसता येईल.

२ एप्रिल

कार्ड चार आणि पाच. यावरून सूनबाई आणि माझ्यात कुजबूज झाली, नऊ वर्षांच्या मुलाला किती सांगायचं? त्यानं तोवर शाळेच्या पुस्तकात वाचलेलंच होतं.

१८४९. सोनं शोधायला निघालेल्यांचे लोंढे, त्यांच्याबरोबर कॉलरा. दक्षिणेकडच्या शायेनांतली निम्म्याच्या आसपास माणसं गेली असं म्हणतात. गिऱ्हाईक मेलं, बायसन दूर गेले, भाऊ मारला गेला, मिस्टान्टाही आधीच गेलेली. त्या ऑगस्टमध्ये विल्यमनं गढी सोडली. जाताना त्यानंच दारू लावून उडवली, ही गोष्ट सगळे सांगतात. पुरती उडाली नाही हे नक्की, कारण पुढं उरलेल्या भिंतींत टपालगाड्यांचा थांबा होता.

मग १८५३ मध्ये त्यानं नदीच्या खालच्या अंगाला नवी वखार बांधली, या वेळी दगडाची. ती १८६० मध्ये लष्करानं भाड्यानं घेतली. शेजारी ठाणं झालं, त्याचंच पुढं फोर्ट लायन झालं. २८ नोव्हेंबर १८६४ च्या रात्री कर्नल शिव्हिंग्टनची फौज या ठाण्यातून निघाली आणि पहाटे सँड क्रीकवरच्या शायेन-अरापाहो छावणीवर तुटून पडली. शायेनांचा मुखिया ब्लॅक केटल, त्यानं तंबूवर अमेरिकेचा झेंडा लावलेला होता. सुमारे २३० माणसं मारली, बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. वाट दाखवायला जबरदस्तीनं नेलेला वाटाड्या होता रॉबर्ट बेंट, विल्यमचा थोरला मुलगा. आणि छावणीत त्याचीच भावंडं होती, जॉर्ज, चार्ल्स, ज्युलिया. जॉर्जला कमरेत गोळी लागली, तो वाचला, आणि म्हातारपणी त्यानं पत्रांतून हे सगळं सांगून ठेवलं.

नातवानं कार्डावर चार भावंडांची नावं लिहिली आणि रॉबर्टपासून बाकीच्यांपर्यंत एक बाण काढला. मग बाण खोडला. तसंच राहू दिलं.

१० एप्रिल

गिलाव्याचा शेवटचा हात. पन्हाळी बसवल्या, सोळा. एक बुरूज उचलताना ढासळला, रात्री अकराला पुन्हा बांधला. वजन भरलं अकरा किलो. मुलाची पाठ धरली.

१२ एप्रिल

काल दिलं. बाईंना दाबयंत्र आवडलं. एका मुलीनं विचारलं की ‘वखार’ म्हणजे काय, तर नातवानं सांगितलं, “दुकान, पण भिंत असलेलं.” माझ्या दोन पानांच्या वादाचं त्यानं चार शब्दांत काम उरकलं.

१४ एप्रिल

मॉडेल परत आलं. ठेवायला जागा नाही. सूनबाई म्हणाल्या टाकून देऊ, मुलगा म्हणाला गॅरेज. नातवानं मागच्या अंगणात कुंपणाशी ठेवायचं ठरवलं, उघड्यावर, कोणी लिंपायचं नाही, आणि काय होतं ते लिहायचं. वही त्याची, पट्टी माझी.

२१ एप्रिल

शनिवारपासून ओला बर्फ. पुढची भिंत ४.५ होती, आज ४.१ सेंमी. पन्हाळ्यांखाली खड्डे. त्या रात्री पुन्हा बांधलेला बुरूज आधी खचला.

२८ एप्रिल

पुढची भिंत ३.४. मागच्या वाड्याची १.९, निवडुंगाचे केस अंगणभर. दाबयंत्र जसंच्या तसं. कोठीच्या खोलीत गांडूळ निघालं. ६ मेला माझं विमान आहे, पुढच्या नोंदी नातू घेईल. पट्टी त्याच्याकडं ठेवून जातोय.